राउटर नवा, सेटिंग जुनी

१७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री हैदराबादच्या रामंतापूर भागात कृष्णाष्टमीच्या मिरवणुकीतल्या रथाला विजेचा प्रवाह लागून ५ जण दगावले. पाठोपाठ वीज कंपनीने शहरभरच्या खांबांवर लोंबणाऱ्या केबली कापायचा सपाटा लावला. त्यात टीव्हीच्या होत्या, फायबरच्या होत्या, चालू होत्या, वर्षानुवर्षं मरून पडलेल्याही होत्या. प्रकरण तेलंगणाच्या उच्च न्यायालयात गेलं. तोवर ठिकठिकाणचं इंटरनेट बसलेलं. घरातूनच ऑफिस चालवणाऱ्याला वाट बघणं परवडत नाही. तो सरळ दुसऱ्या कंपनीची लाइन घेतो. नवी लाइन म्हणजे बहुतेक वेळा नवा डबा. डबा बदलला की वाय-फायचं नाव बदलतं, प्रिंटर रुसून बसतो, दाराबाहेरचा कॅमेरा आंधळा होतो. मग ध्यानात येतं की जुन्या राउटरमध्ये चार-पाच वर्षांत काय काय भरून ठेवलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

सिकंदराबादेत हा प्रश्न जरा जास्तच भेटतो, त्याला इथल्या केबलचा इतिहास कारण आहे. या जुळ्या शहरांत ब्रॉडबँड घरोघरी पोचवण्यात मोठा वाटा बीम टेलिकॉमचा आणि पुढे बीमला पोटात घेणाऱ्या बंगळुरूच्या एसीटीचा. फायबर इमारतीपर्यंत, जिन्यातल्या पेटीत एक स्विच, आणि तिथून साधी इथरनेटची तार घरात, असा तो थाट. राउटर ज्याचा त्याने आणायचा. त्यामुळे पार्कलेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरला, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'सीटीसी' म्हणतात तिथे, जाऊन टीपी-लिंक, डी-लिंक किंवा हौस दांडगी असेल तर असूस घेऊन येणं हा इथल्या घरांचा रिवाज. २०१७ मध्ये एसीटीने हैदराबादेत १ जीबीपीएसची सेवा काढली, तेव्हा १०० एमबीपीएसची पोर्टं असलेले जुने डबे तोकडे पडले आणि बदलाबदलीला आणखी एक निमित्त मिळालं. स्वतःचा राउटर असला की त्यातली सेटिंगही स्वतःची, आणि ती गेल्याचं दुःखही स्वतःचंच. तक्रार नोंदवली की फायबरवाला पोरगा येतो, टाचणीने मागचं बटण दाबून धरतो आणि म्हणतो, "रीसेट मार देतूं साब, सब सेट हो जाता." लाइन चालू होते हे खरं. बाकीचं सगळं कोरं होतं, तेही खरं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. राउटर स्वतःहून जी बॅकअप फाइल देतो, ती त्याच राउटरला परत घालण्यापुरती असते. आणि ज्या दिवशी बॅकअपची खरी गरज पडते, त्या दिवशी बहुधा तो राउटरच हातात नसतो. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्या घराला सेटिंग काढून ठेवणारी आणि परत भरणारी स्क्रिप्ट लिहायची गरज आहे आणि कुठल्या घराला नाही, हे आपोआप ठरतं.

सेटिंगचे दोन वाटे असतात. एक कंपनीकडचा: पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड, बीएसएनएलच्या फायबरला लागतो तसला व्हीलॅन क्रमांक, काही केबलवाले ग्राहकाच्या राउटरचा मॅक पत्ता आपल्याकडे बांधून ठेवतात तो. दुसरा वाटा आपला: वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, प्रिंटरला नि कॅमेऱ्यांना राखून दिलेले आयपी पत्ते, मुलांच्या टॅबचं नेट रात्री दहाला तोडणारा नियम, जाहिराती गाळणारा डीएनएस, परगावाहून घरच्या नेटवर्कात शिरायला उघडलेलं व्हीपीएन. कंपनी बदलली तर पहिला वाटा टाकायचा असतो, दुसरा राखायचा. राउटर जळाला तर दोन्ही राखायचे. 'बॅकअप' लिहिलेल्या बटणाला हा भेद कळत नाही, ते सगळ्याची एकच मोट बांधतं.

मॅक पत्त्याबद्दल एक बारीक गोष्ट. डब्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला पत्ता अनेकदा आतल्या बाजूचा असतो, आणि बाहेरच्या पोर्टाचा पत्ता त्याच्यापेक्षा एकाने पुढे. केबलवाल्याकडे बांधलेला असतो तो बाहेरचा. म्हणून स्टिकरचा फोटो काढून भागत नाही, राउटरच्या स्टेटस पानाचाही काढावा लागतो, आणि तोही राउटर जिवंत असतानाच.

ज्या घरात वाय-फाय सोडून राउटरकडून कुणी काही मागत नाही, त्या घरासाठी एवढंच पुरे: नव्या डब्याला जुनंच वाय-फायचं नाव द्यायचं, जुनाच पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकारही तोच, डब्ल्यूपीए२ असेल तर डब्ल्यूपीए२. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, बल्ब काहीही न विचारता जोडला जातो. निम्म्याहून जास्त कटकट इथेच मिटते, आणि तिला स्क्रिप्ट लागत नाही, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद लागतो. आईवडील मारेडपल्लीत आणि लेक पुण्यात किंवा न्यू जर्सीत, अशी मराठी घरं इथे काही कमी नाहीत. फोनवरून "बाबा, मागचं बटण दाबू नका" सांगण्यापेक्षा हा कागद बरा.

आता फाइलीकडे. टीपी-लिंकच्या साध्या राउटरमधून 'कॉन्फिग डॉट बिन' नावाची फाइल उतरते. ती त्याच मॉडेलला चालते, बरेचदा त्याच हार्डवेअर आवृत्तीला. दुकानात 'तोच पीस' म्हणून मिळालेला राउटर आवृत्ती ३ ऐवजी ५ चा निघाला की फाइल नाकारली जाते. तिच्यात काय आहे ते वाचता येत नाही, कारण ती कुलूपबंद असते. पण जुन्या अनेक मॉडेलांत त्या कुलपाची किल्ली सगळ्यांना एकच होती आणि ती केव्हाच जगजाहीर झाली. म्हणजे मालकाला वाचता येत नाही आणि चोराला येते, असा उलटा न्याय. तरीही ही फाइल काढून ठेवावी. रीसेट मारणाऱ्या पोरापासून वाचवायला ती पुरेशी आहे.

स्क्रिप्टचा रस्ता उघडला तो एका निळ्या-काळ्या डब्यामुळे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या डिसेंबरात बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे २००३ मध्ये उघड झालं, जीपीएल परवान्यामुळे कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी उभं राहिलं. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो हीही त्याच काळातली भावंडं. तेव्हापासून घरचा राउटर हा छोटा लिनक्स संगणक आहे, आणि लिनक्स संगणकावर जे करता येतं ते त्याच्यावर करता येतं, जागा पुरली तर.

या घराण्यात सेटिंग साठवायच्या दोन तऱ्हा पडल्या. डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो आणि असूस यांनी एनव्हीरॅम धरलं: फ्लॅशचा एक छोटा तुकडा आणि त्यात नाव-किंमत अशा शेकडो जोड्यांची रांग. ओपन-डब्ल्यूआरटीने ते सोडून एका फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइली ठेवायची पद्धत घेतली. नेटवर्कची वेगळी, वाय-फायची वेगळी, फायरवॉलची वेगळी. बॅकअपच्या दृष्टीने मला दुसरी तऱ्हा उजवी वाटते. एनव्हीरॅमच्या रांगेत तुमचा वाय-फायचा पासवर्ड आणि त्या विशिष्ट यंत्राचा मॅक पत्ता, रेडिओची जुळणी, देशाचा कोड हे सगळं एकाच पंगतीला बसलेलं असतं. ही रांग उचलून दुसऱ्या डब्यात ओतली तर पहिल्याची ओळखही ओतली जाते.

असूसवाल्यांची त्यात आणखी एक अडचण. कॅनडातल्या एरिक सोवाजो यांनी मूळ फर्मवेअर सुधारून केलेलं असूस-डब्ल्यूआरटी-मर्लिन हौशी लोकांत फार चालतं. त्यात आपल्या स्क्रिप्टा जेएफएफएस नावाच्या वेगळ्या कप्प्यात राहतात. सेटिंगची जी फाइल पानावरून उतरते तिच्यात हा कप्पा नसतो, त्याचा बॅकअप निराळा घ्यावा लागतो. शिवाय जास्तीची सॉफ्टवेअरं यूएसबीवर असतात, ती तिसऱ्या ठिकाणी. तीनपैकी एकच जपून ठेवणारे पुष्कळ. बॅकअपमॉनसारख्या तयार स्क्रिप्टा याच कारणाने निघाल्या: एका फेरीत तिन्ही ठिकाणचं गोळा करून नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर टाकतात. स्वतः लिहिण्याआधी अशी एखादी वापरून बघावी.

लॅटव्हियाच्या मायक्रोटिकचे राउटर आपल्याकडे केबलवाल्यांच्या पेटीत जास्त आणि घरात कमी दिसतात, पण बॅकअपचा विचार त्यांनी सगळ्यांत नीट केलेला आहे. तिथे दोन कमांड आहेत. 'बॅकअप' ही कमांड बंद फाइल देते. ती त्याच यंत्रासाठी. दुसऱ्यावर घातली तर मॅक पत्तेसुद्धा पहिल्याचे येतात. 'एक्सपोर्ट' ही कमांड मजकूर देते: राउटर शून्यातून उभा करायला कोणत्या ओळी टाइप कराव्या लागतील, त्याची यादी. आवृत्ती ७ पासून या मजकुरातून पासवर्ड आपोआप गाळले जातात. हवे असतील तर तसं मुद्दाम सांगावं लागतं, आणि हे माहीत नसलं की रिस्टोअरच्या दिवशी पीपीपीओईचा पासवर्ड रिकामा दिसतो. राउटरवर लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड आणि सर्टिफिकेटं तर मजकुरात येतच नाहीत. बंद फाइल म्हणजे भरलेला जेवणाचा डबा आणि मजकूर म्हणजे त्या स्वयंपाकाची कृती. डबा वेळेला धावून येतो, पण दुसऱ्याच्या घरी वेगळ्या भांड्यांत रांधायचं तर कृतीच हाताशी हवी. दोन्ही ठेवायला काहीच हरकत नाही.

ओपन-डब्ल्यूआरटीवर एक साधी स्क्रिप्ट कशी असते ते जवळून बघू, कारण खाचखळगे तिथेच कळतात. गाभा एका ओळीचा. 'सिसअपग्रेड' या कमांडला बॅकअपची खूण जोडली की सेटिंगच्या सगळ्या फाइलींचं एक गाठोडं तयार होतं. नवशिक्याची स्क्रिप्ट हे गाठोडं 'टेम्प' फोल्डरात ठेवते आणि तिथेच संपते. टेम्प हा फोल्डर राउटरच्या रॅममध्ये असतो. वीज गेली की गाठोडंही गेलं. यूएसबीवर ठेवलं तर वीज सोसेल, पण विजेचा लोळ त्याच तारेने आला तर राउटर आणि पेनड्राइव्ह एकत्रच जातील. म्हणून पुढची ओळ गाठोडं घरातल्या दुसऱ्या यंत्रावर नेऊन टाकणारी हवी: जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय, काहीही.

या गाठोड्यात सेटिंग असते, पण वरून बसवलेली पॅकेजं नसतात. व्हीपीएनची सेटिंग परत आली आणि व्हीपीएनचं सॉफ्टवेअरच नाही, असा प्रकार होतो. तेव्हा बसवलेल्या पॅकेजांची यादी वेगळ्या फाइलीत उतरवायची. त्याच्या शेजारी फर्मवेअरची आवृत्ती आणि मॉडेलचं नाव. दोन वर्षांनी 'हे कशावरचं होतं?' याचं उत्तर त्या दोन ओळी देतात. आपण स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टा नेहमीच्या फोल्डराबाहेर असतील तर त्यांचा पत्ता जपायच्या यादीत हाताने घालावा लागतो, नाहीतर बॅकअप घेणारी स्क्रिप्ट स्वतःच बॅकअपमधून निसटते.

मग तारखेची गंमत. घरच्या राउटरमध्ये घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी सहसा नसते. वीज येऊन तो उठला की इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याला आजची तारीख माहीत नसते. असूसचे राउटर त्या मधल्या काळात ५ मे, पहाटे ५ वाजून ५ मिनिटं ५ सेकंद अशी वेळ धरून बसतात, लॉगमध्ये ती ओळ हमखास सापडते. राउटर उठताक्षणी बॅकअप घेणारी स्क्रिप्ट अशी खोटी तारीख फाइलीच्या नावात घालते, आणि 'जुन्या फाइली पुसा' म्हणणारी पुढची ओळ नेमकी ताजी फाइल जुनी समजून पुसते. मे महिन्यात वळवाच्या पावसात दिवसाकाठी दोनदा वीज जाणाऱ्या शहरात हे सहज घडेल. उपाय सोपा: वेळ जुळेपर्यंत स्क्रिप्टने थांबायचं. आणि पाठवून झाल्यावर गाठोडं उघडून आतली यादी वाचता येते का, त्याचा आकार शून्य तर नाही ना, हे तिनेच तपासायचं. मुकाट्याने रिकाम्या फाइली साठवत बसणारी स्क्रिप्ट घातक, कारण तिच्या भरवशावर माणूस निर्धास्त असतो.

रिस्टोअरचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि खरी फसगत तिथेच आहे. ओपन-डब्ल्यूआरटीची २१.०२ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तिच्यात अनेक मॉडेलांवर मागची पोर्टं ओळखायची पद्धत बदलली. पूर्वी अख्खा स्विच एका नावाने आणि पोर्टं क्रमांकाने ओळखली जात. नव्या पद्धतीत प्रत्येक पोर्टाला स्वतंत्र नाव. आधीच्या १९.०७ ची नेटवर्कची फाइल अशा मॉडेलच्या २१.०२ वर जशीच्या तशी टाकली तर राउटर उठतो, दिवे लागतात आणि तारेने जोडलेल्या लॅपटॉपला तो उत्तरच देत नाही. मग सुरू होताना बटण दाबून फेलसेफ या बचावाच्या अवस्थेत शिरायचं आणि सगळं पुसून नव्याने बसायचं. फाइल चांगली होती, राउटरही चांगला होता, दोघांची भाषा तेवढी बदललेली.

यातून शहाणे झालेले लोक गाठोड्याच्या जोडीला एक 'पहिल्या दिवसाची' स्क्रिप्ट ठेवतात. ओपन-डब्ल्यूआरटीत त्यासाठी वेगळा फोल्डरच आहे. त्यातली स्क्रिप्ट कोऱ्या राउटरच्या पहिल्या सुरुवातीला एकदाच चालते आणि यशस्वी झाली की पुसली जाते. तिच्यात आपल्या वाट्याचं तेवढंच लिहायचं: वाय-फायचं नाव, राखीव पत्ते, नियम. पोर्टांची नावं, रेडिओचे मार्ग यांना हात लावायचा नाही, ते नव्या फर्मवेअरचं त्याने बघावं. कंपनीचा वाटा वेगळ्या छोट्या फाइलीत. लाइन बदलली की ती एकच फाइल बदलायची. मघाशी म्हटलेली दोन वाट्यांची फाळणी इथे उपयोगी पडते, आणि हे कुठल्याही बटणाने होत नाही. घरगुती स्क्रिप्टचं खरं काम मला विचाराल तर हेच. बॅकअप घेणं त्या मानाने किरकोळ.

तपासणी कशी करावी? सर्वांत चांगली सोय म्हणजे त्याच मॉडेलचा जुना राउटर. नाहीच मिळाला तर घरात कुणाची मीटिंग नसेल अशा दुपारी, राउटर इन्व्हर्टरवर किंवा १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर ठेवून, आपलाच राउटर कोरा करून परत उभा करायचा. हातात आधीच उतरवून ठेवलेलं फर्मवेअर असावं, कारण इंटरनेट चालू करायला लागणारी फाइल इंटरनेटवर असली तर तिचा काही उपयोग नाही. फोनचा हॉटस्पॉट ही पळवाट आहे, पण ऐन वेळी फोनवरून लॅपटॉप, लॅपटॉपवरून राउटर ही सर्कस करण्यापेक्षा फाइल जवळ असलेली बरी.

सुरक्षेचा मुद्दा दोन बाजूंनी येतो. पहिली सरळ: गाठोड्यात वाय-फायचा पासवर्ड, पीपीपीओईचा पासवर्ड, व्हीपीएनची खासगी किल्ली हे सगळं उघडं असतं. ते स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवणं म्हणजे घराच्या किल्ल्या पायपुसण्याखाली ठेवणं. कुलूप लावूनच बाहेर पाठवावं, आणि त्या कुलपाची किल्ली राउटरवर ठेवू नये. जुना राउटर विकतानाही हेच लक्षात ठेवायचं. ईसेट या कंपनीने २०२३ मध्ये कंपन्यांच्या वापरातले १८ जुने राउटर विकत घेऊन पाहिले, तर चालू स्थितीतल्या निम्म्याहून अधिक राउटरांत आधीच्या मालकांची गुपितं तशीच होती. मोठ्या कंपन्यांची ही तऱ्हा, तर घरच्यांचं काय बोलायचं.

दुसरी बाजू कमी लोकांच्या लक्षात येते. मे २०२५ मध्ये ग्रेनॉइज या संस्थेने उघड केलं की जगभरातल्या जवळपास ९,००० असूस राउटरांत कुणीतरी चोरवाट करून ठेवली आहे. हल्लेखोरांनी राउटरचीच नेहमीची सेटिंग वापरून एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची सोय, चालू केली होती आणि ती सेटिंग एनव्हीरॅममध्ये साठवली होती. त्यामुळे रीस्टार्ट केलं किंवा फर्मवेअर नवं घातलं तरी वाट उघडीच राहत होती. अशा राउटरचा इमानेइतबारे घेतलेला बॅकअप त्या चोरवाटेचाही बॅकअप असतो. राउटर कोरा करून तीच फाइल परत घातली की चोर पुन्हा घरात. संशय असेल तेव्हा गाठोडं बाजूला ठेवून सगळं हाताने किंवा पहिल्या दिवसाच्या स्क्रिप्टने भरावं. मजकूर असलेल्या बॅकअपचा इथे आणखी एक फायदा: गेल्या महिन्याची आणि आजची फाइल शेजारी ठेवून कुठली ओळ वाढली ते बघता येतं. फाइलींच्या आवृत्त्या जपणारं गिट वापरणाऱ्यांना हे फुकटात मिळतं.

कंपनीने दिलेल्या डब्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते कंपनीच्या मालकीचे असतात आणि २००४ मध्ये ठरलेल्या टीआर-०६९ या पद्धतीने कंपनी त्यांची सेटिंग लांबून बदलू शकते. तुम्ही केलेला बदल उद्या टिकेल याची खात्री नाही, मग त्याच्या बॅकअपला काय अर्थ? तो डबा ब्रिज मोडवर टाकून घ्यावा आणि पाठीमागे स्वतःचा राउटर लावावा. केबली कापल्या गेल्या, कंपनी बदलली, तरी स्वतःचा राउटर जागचा हलत नाही, तारेचं टोक तेवढं बदलतं. काही कंपन्या ब्रिज मोड द्यायला कुरकुरतात. तेव्हा त्यांच्या डब्याचं वाय-फाय बंद करून आपला राउटर पुढे जोडला तरी घरगुती वापराला चालतं. आयपी पत्त्यांचं दोनदा रूपांतर होतं आणि बाहेरून आत शिरणारं व्हीपीएन अडतं, एवढीच किंमत. तसंही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटण्याच्या सोयीच्या, मागे असलेल्या लाइनवर ते आधीच अडलेलं असतं.

चित्र जिथे उलट्या दिशेने चाललंय तो भाग मेश संचांचा. तीन खोल्यांत तीन पांढरे डबे आणि मोबाइलवर एक अ‍ॅप. वापरायला सुरेख, पण बऱ्याच संचांत सेटिंग फाइलीत उतरवायची सोयच ठेवलेली नाही. स्क्रिप्ट चालवायला जागा नाही, एसएसएच नाही. काहींची सेटिंग कंपनीच्या खात्याशी जोडलेली असते, त्याच कंपनीचा नवा संच घेतला तर काही परत येतं, दुसऱ्या कंपनीचा घेतला तर काहीच नाही. एका कंपनीची फाइल दुसरीला वाचता येईल असा सर्वमान्य साचा घरगुती राउटरांसाठी आजही रूढ नाही, आणि तो असण्यात कुठल्या कंपनीला रस असेल असं दिसत नाही. अशा संचाच्या मालकाने अ‍ॅपमधल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, राखीव पत्त्यांची यादी मॅक पत्त्यांसकट एका शीटमध्ये हाताने उतरवावी, आणि नवा कॅमेरा किंवा प्रिंटर घरात आला की त्याच दिवशी त्यात एक ओळ वाढवावी.